हलत्या पाठीचे माप

मामा : सरळ उभी राहा. माप घेताना हलू नये, हे तुला आजवर किती वेळा सांगितले असेल.

मामी : मी कुठं हलतेय? पाठ थरथरते आपली आपण.

भाची : थरथरू दे, मामी. मामा, तिच्या खांद्यावरचा हात काढा, सावली पडते. हे यंत्र हलत्या अंगाचंच माप घेतं.

मामा : हे माझ्या बुद्धीस पटत नाही. मी जन्मभर शिवणकाम केले. हलत्या गिऱ्हाइकाचे माप कधी खरे आले नाही. मागच्या वेळी मापाच्या साच्यासाठी लावलेले प्लास्टर वाळेपर्यंत ही थरथरली, आणि पाठीच्या आधाराचा तो पट्टा बरगडीत रुतला.

भाची : म्हणून तर इथं आणलं. दिवा लावते. दिसल्या उजेडाच्या रेघा?

मामा : दिसल्या. पण त्या वाकड्या आहेत.

भाची : रेघा सरळच आहेत, पाठीच्या उंचवट्यांवर वाकतात. किती वाकल्या, ते हे दोन कॅमेरे टिपतात आणि त्यावरून आकार निघतो. पापणी लवायच्या आत ढीगभर फोटो. एकेका फोटोपुरती मामी स्थिरच.

मामी : ऐकलंत? कुठंतरी मी स्थिर आहे म्हणे.

मामा : आणि हाही पट्टा बसला नाही तर?

भाची : मग डॉक्टर म्हणाले तेच. उठून बसणं बंद.

मामी : पडल्या पडल्या तुम्हाला कामं सांगेन. त्याला काही पाठ लागत नाही.

मामा : थट्टा नको. भाचीबाई, ही प्रथम दुकानात आली तेव्हाही अशीच चुळबुळत होती. एका पोलक्यासाठी तीनदा टेप धरली, तरी ते काखेत ढगळ झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलाविणे भाग पडले.

मामी : आले ना मी?

मामा : आलीस. आणि पुन्हा हललीस.

भाची : झालं, मामी. शाल घे.

मामी : एवढ्यात?

भाची : हो. पडद्यावर बघा, मामा. श्वास घेताना, थरथरताना, सगळी पाठ आलीय.

मामा : डावा खांदा किंचित उतरता... अगदी हिचाच. बसेल. हा पट्टा नक्की बसेल.

मामी : तुमच्या दुकानात असं यंत्र असतं तर?

मामा : तुझे पोलके पहिल्याच दिवशी बेतता आले असते.

मामी : अन् दुसऱ्या दिवशी मी कशाला आले असते?

मामा : म्हणजे... तेव्हा तू मुद्दाम हलत होतीस?

मामी : तेव्हा मला स्थिर उभं राहता येत होतं.