ह्यांच्या आधी घेतलेला घास

माझं माहेर खटाव तालुक्यातलं, शाळा चौथीपर्यंत, आणि लग्न झालं फौजीशी. काय सांगू तुम्हाला, दिल्लीच्या छावणीत आले तेव्हा मला दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि नवरा जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. ह्यांना ड्युटीवरून कितीही उशीर होवो, मी भाकरी झाकून बसायची. शेजारची पंजाबी भाभी हसायची, अरे खा लो, फौजी भाग थोडे ही जाएगा. मी मान खाली घालायची, पण मनात म्हणायची, हिला वळणच नाही.

हे हवालदार होऊन रिटायर झाले तेव्हा गुडगावात शेतं जाऊन उंच इमारती उठत होत्या. तिथल्याच एका सोसायटीत हे गार्डांचे सुपरवायझर झाले, मुलगा कारखान्यात लागला, आणि दोन खोल्या घेतल्या आम्ही. मग सून आली, वैशाली, पुण्याची. फोनवर परदेशातल्या लोकांशी बोलायची नोकरी, रात्रपाळीची. तिच्या कंपनीची गाडी दिवेलागणीला तिला न्यायला यायची, आणि हे त्यानंतर घरी. मी तिला सांगून ठेवलं, बाबांच्या आधी जेवायचं नाही. बरं आई, म्हणाली, आणि उपाशीच जायची.

तिला दिवस गेले, आणि पाचव्या महिन्यात गाडीतच घेरी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ वाढत नाहीये, ही वेळेवर जेवत नाही का? वैशालीच म्हणाली, मला भूक नसते. माझ्यासाठी खोटं बोलली पोरगी.

घरी हे म्हणाले, नोकरी सोड म्हणावं, म्हणजे जेवेल माझ्यामागून. मुलगा म्हणाला, बाबा, घर तिच्याही पगारावर चालतं. अच्छा, म्हणजे आता तुझी बायको माझी अफसर का, हे म्हणाले. वैशाली रडली नाही. मला एवढंच म्हणाली, आई, असंच असेल तर मी पुण्याला जाते, बाळाला घेऊन परत येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांना सुट्टी होती. हे खाटेवर बसले होते, भूक नाही म्हणाले, मुद्दामच. गाडीची वेळ होत आली. मी वैशालीचं ताट वाढलं, तर ती ह्यांच्याकडे बघत नुसती बसली, हात पुढे होईना. मग मी माझंही ताट घेतलं, तिच्या शेजारी बसले आणि पहिला घास मीच घेतला. हे म्हणाले, इतक्या वर्षांत हेच शिकलीस? मी वर पाहिलंच नाही. म्हटलं, वैशाली, जेव. तेव्हा ती जेवली.

हे उठून बाहेर गेले, आले ते न जेवता झोपले. पुढे किती तरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता नात शाळेत जाते. मला भूक लागली की मी जेवते. ह्यांनी कधी बरं केलंस म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. परवा मात्र आल्या आल्या म्हणाले, तू जेवलीस का? रागानं की काळजीनं, ते मला अजून कळलेलं नाही. हो म्हटलं, तेव्हाच ताटावर बसले.