साहेबाच्या हाताचं माप

(कल्याण स्टेशनाजवळची सुतारशेड, भर दुपार. रेल्वेच्या साहेबाच्या गोल्फच्या काठ्या वाहणारा धाकू, सहदेव सुतारानं केलेली, चेंडू भोकात ढकलायची नवी काठी घेऊन परत आला आहे.)

सहदेव : पाचही चेंडू उजवीकडे गेले?

धाकू : पाचही, मेस्त्री. भोक इथं आनि चेंडू तिथं. साहेबानं काठी माज्या अंगावर फेकली. चार वाजता मुंबईचा पाव्हना साहेब गाडीनं उतरतो, त्याच्याशी सामना हाय. तवर काठी नीट नाय झाली तर उद्यापासनं मैदानावर दिसू नको, बोल्ला.

सहदेव : जुनी काठी घे म्हणावं.

धाकू : जुनी रागानं गुडघ्यावर मोडली नाय का त्यानं? म्हनून तर तुमच्याकडं आलेलो.

सहदेव : आणि माप तू दिलंस. साहेब काही सुताराला अंगाला हात लावू देणार नाही, म्हणून त्याच्या जागी तू उभा राहिलास. तो कसा मारतो ते इथंच दाखवलंस. परत दाखव.

धाकू : आता? वेल कुठं हाय?

सहदेव : दाखव म्हणतो ना. हं... काठी मागं सरळ, पुढं सरळ. रुळावरून जावी तशी. म्हणून मी शिसं काठीच्या डोक्याच्या मधोमध ओतलं. ही बघ, बोटावर आडवी तोलली की तिचं तोंड, चेंडूला लागणारी बाजू, आभाळाकडे राहतं. सरळ मारणाऱ्याला अशीच लागते. माझं काय चुकलं?

धाकू : कायतरी चुकलंच असंल.

सहदेव : साहेबाला पोट आहे?

धाकू : हाय की. भलं मोठं.

सहदेव : एवढं पोट घेऊन माणूस असा चेंडूवर वाकतो?

धाकू : नाय... साहेब लांब उभा ऱ्हातो. काठी गोल फिरते त्याची. दार उघडून लावल्यागत.

सहदेव : मग मला सरळ का दाखवलीस?

धाकू : ध्यानात नाय आलं.

सहदेव : अकरा वर्षं त्याच्या मागं चालतोस आणि ध्यानात नाही आलं? तुझे हात बघ, धाकू. नुसतं बघून कुणाला अशी पकड येत नाही. कधीपासून खेळतोस?

धाकू : हलू बोला, मेस्त्री!... सात वर्सं झाली. सकाली, साहेब उठायच्या आदी. गवतावर दव असतं, त्यात चेंडूची रेघ उमटते. ती मी पायानं पुसतो. घरी बायकोला, बायजाला पन ठाव नाय.

सहदेव : साहेबाला कळलं तर?

धाकू : सोलून काढील. आनि हाकलील. मिठागरात पाय फुटले म्हनून इथं आलेलो, मना दुसरं काय येतं?

सहदेव : चेंडू उजवीकडे का जातात, ते साहेबानं विचारलं असेल.

धाकू : विचारलं.

सहदेव : काय सांगितलंस?... धाकू.

धाकू : बोल्लो, सुतार चुकला.

सहदेव : वा! छान केलंस. अरे, रेल्वेच्या बंगल्यांची दारं-खिडक्या मी करतो ती याच साहेबाच्या शब्दावर. माझा बाप जुन्नराहून करवत खांद्यावर टाकून आला. चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नाही की यांचं माप चुकलं. ऊठ. चल बंगल्यावर. माझ्यासमोर खरं काय ते सांग.

धाकू : पाया पडतो तुमच्या.

सहदेव : पाया नको पडूस, आणखी संताप येतो मला.

धाकू : मग तुमीच जा. सांगा. मी हितंच बसतो. खोटं बोल्लो, लाज वाटते माजी मना. पन काठी वाईट नाय, मेस्त्री. काल सकाली साहेबाला द्यायच्या आदी मी नऊ मारले. नऊच्या नऊ आत.

सहदेव : नऊ?

धाकू : आईची आन.

सहदेव : चेंडू आहे खिशात? काढ. त्या खांबाशी सरसाची वाटी आडवी ठेवतो. मार.

धाकू : जमीन खडबडीत हाय. भुसा पडलाय.

सहदेव : मार म्हणतो ना... गेला. आण परत. पुन्हा मार.

धाकू : हं.

सहदेव : गेला. वाटी हलली पण नाही.

धाकू : काठीच तशी हाय.

सहदेव : माणसाच्या हाताला इतकी नेमकी बसलेली वस्तू माझ्या हातून एखादीच झाली असेल. आणि आता तीच बिघडवायची. मधलं शिसं उपसून टोकाकडे भरायचं, म्हणजे साहेबाच्या हाताबरोबर ती वळेल.

धाकू : दुसरी नाय होनार?

सहदेव : चार वाजेपर्यंत? कशी होणार? भट्टी फुंक. शिसं वितळायला ठेव.

धाकू : आनि बंगल्यावर? तुमी येताय ना संगं?

सहदेव : मी कशाला?

धाकू : मग साहेबाला काय सांगू?

सहदेव : सांगितलंस तेच सांग. सुतार चुकला. दे ती पटाशी इकडे.