होळीपर्यंत की पुढं

(१९४३. पोटाचं ऑपरेशन होऊन बायजा मुंबईच्या इस्पितळातून परतली आहे. कर्जत स्टेशनाबाहेरून धाकटा भाऊ भिवाजी तिला बैलगाडीतून गावाकडे नेतो आहे.)

बायजा : खोटं बोलतोस, भिवा. कान लाल झालं तुझं.

भिवाजी : उन्हानं झालं. डाक्टर बोलला, गाठ निघाली, बाय आता खडखडीत.

बायजा : कंचा डाक्टर?

भिवाजी : तो... टकल्या.

बायजा : टकल्या भूल द्यायचा रं! कापणारा चष्म्याचा.

भिवाजी : मंग त्यो बोलला असंल.

बायजा : मी डोळं मिटून पडलेली, त्यांना वाटलं झोपली. चष्म्याचा बोलला, कॅन्सर पोटभर पांगलाय, हाताला लागला तेवढा काढला, बाई होळी काय बघत नाय. धाकटा डाक्टर बोलला, नाय हो, पुढला भात कापील ती.

भिवाजी : आन् तू गप ऐकत पडलीस?

बायजा : माझ्यावर बोली लागलेली, झोप कशी येणार? धाकट्याच्या बाजूनं खोकले मी दोनदा.

भिवाजी : बाय, मस्करी पुरे.

बायजा : तुला काय बोलला ते सांग मंग.

भिवाजी : बोलला, नक्की कुनालाच सांगता येत नाय. कुनी महिन्यात जातो, कुनी वरीस काढतो. तुमची बहीण चिवट हाय.

बायजा : चिवट! माझ्या सासूचाच शब्द. नाक पूस, बैल बघतायत तुझ्याकडं.

भिवाजी : धूळ गेली डोळ्यात.

बायजा : बरं, गाडी वळव. शिळफाट्याला जायचं.

भिवाजी : इंदूकडं? तिचं नाव काढलं तर ताट भिरकवायचीस! पोरीनं आपल्या मनानं लगीन केलं, आता तोंड बघायची नाय, कोन बोललेलं?

बायजा : मीच. तवा वाटायचं, रुसायला लय वरसं पडलीत.

भिवाजी : जखम ओली हाय. वाटंनं हिसकं बसतील.

बायजा : हळू हाक.

भिवाजी : आन् तिनं दार नाय उघडलं तर?

बायजा : माझीच पोर ती. आधी भांडंल, मंग उघडंल.

भिवाजी : मी पुढं होतो. पन तिला सांगू काय? होळीचं सांगू, का भाताचं?

बायजा : दोनी नको. आय आलीय, एवढंच सांग.