पाणी उकळायचं नाही म्हणे!

...आणि वर सून मलाच सांगते कशी, "आई, पाणी उकळू द्यायचं नाही हं!" आता तुम्हीच सांगा, उकळल्याशिवाय चहा होतो का कधी? चौथी शिकलेली बाई मी, पण चहा उकळण्यात माझा हात धरणारी अजून जन्माला यायचीय! पण डॉक्टरांनी आमच्या ह्यांचा दूध-साखरेचा चहा तोडला आणि सूनबाईंनी आणला तो ग्रीन टी. वाळकं गवत नुसतं! तिनं केला, ह्यांनी घोट घेतला, आणि म्हणाले, "वा!"

वा? अहो, लग्न झाल्यापासून ह्या माणसाला चहा पाजतेय, तापानं फणफणले तरी पाजलाय, कधी तोंडातून 'वा' निघाला असेल तर शपथ! आणि गवताच्या पाण्याला वा! तुम्हाला सांगते, डोकंच फिरलं. म्हटलं, हा 'वा' मी घेणारच!

सून अंघोळीला गेली तशी चढवलं पातेलं. पत्ती मूठभर, चिक्कूपणा आपल्याकडे नाही! आणि दिलं रटरटू... कारण उकळल्याशिवाय चहा होतो का? ह्यांनी घोट घेतला आणि डोळे पांढरे! "अगं, जंतांचं औषध आहे की काय हे?"

मग काय, नाक मुठीत धरून मीच गेले सुनेपुढे. "आई, बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. जरा निवू द्यायचं, मग चमचाभर पत्ती, वर झाकण, रंग उतरला की लगेच गाळायचं. आणि चोथा दाबायचा नाही!" दाबायचा नाही म्हणे! माझे हात शिवशिवतात हो... पण राहिले उभी, हात पाठीमागे बांधून. तान्हं झोपवावं तसं सांभाळलं बाई त्या पाण्याला! पिवळसर, नितळ उतरला. चाखला, कडवटपणा औषधाला नाही!

कप ह्यांच्या हातात दिला नि श्वास रोखून उभी. घोट घेतला... "वा!" आणि मान वळवून आत हाक, "सूनबाई, आज काय फक्कड जमलाय!"

आतून ती भाबडी ओरडली, "मी नाही बाबा, आज आईंनी केलाय!"

ह्यांनी कपात बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणखी एक घोट घेतला. "तरीच... मागून जरा कडूच लागतोय."

ऐकलंत? तेव्हापासून रोज मीच करते. पातेलं, मोठा गॅस, रटरटा! कडूच म्हणायचं ठरवलंय ना माणसानं... मग निदान उकळून तरी पाजावा!