वाऱ्याची दुसरी बाजू

धाकटी – थांबलं. ताई, ऐक ना, खरंच थांबलं.

थोरली – ऐकतेय. डोक्यावरची गादी सोडू नकोस.

धाकटी – अगं, काही आवाज नाही आता. सकाळपासून या बाथरूममध्ये कोंबून ठेवलंयस मला. बादलीवर बसून बसून माझीच बादली झालीय. दार उघडते.

थोरली – बाथरूमचं उघड. घराचं नको.

धाकटी – उघडलं... अगं बाई! ऊन!

थोरली – कुठे?

धाकटी – ओट्यावर. खिडकीतून निळं आभाळ दिसतंय. ये, बघ तरी! आणि अंगणात हे कुठले पक्षी आलेत? पांढरे, मोठेमोठे. एकाला एक चिकटून बसलेत. काचेवर टकटक केलं तरी उडत नाहीत.

थोरली – समुद्रावरचे आहेत. उडायची ताकदच उरली नसेल. वादळाच्या पोटात सापडले आणि त्याच्याबरोबर इथवर आले.

धाकटी – असं नको ना बोलूस. काटा आला अंगावर.

थोरली – येऊ दे. हे संपलेलं नाही. वादळ गोल फिरत असतं आणि त्याच्या मधोमध अशी शांत जागा असते. आपण आत्ता तिथे आहोत. अर्धं गेलं, अर्धं यायचंय.

धाकटी – तू बंदरावर माइकवर बोलतेस ना, तसं घरात बोलू नकोस.

थोरली – बोटवाले ऐकतात तरी माझं.

धाकटी – आणि माझ्या पार्लरमध्ये बायका माझं ऐकतात. आपल्या दोघींचं न ऐकणारा जगात एकच माणूस आहे आणि तो बघ, गल्ली ओलांडून आलाच. बाबा! सांभाळून, पाण्यात पाय नका टाकू!

थोरली – तार आहे का पडलेली?

बाबा – आहे. बघूनच आलो, भिंतीच्या कडेकडेने. काय गं, न्हाणीघरात संसार थाटलात की काय? मी म्हटलं नव्हतं, दोन-चार तास आदळआपट करेल आणि जाईल? माझ्या गॅरेजचा एक पत्रा हलला नाही. एक!

थोरली – का नाही हलला, माहितीय? वारा आमच्या मागून येत होता. ही तीन मजली इमारत तुमच्या पुढे उभी होती म्हणून.

बाबा – बरं मग?

थोरली – आता उलटा येणार. तुमच्या मागून. आणि तुमच्या मागे काय आहे?

बाबा – मैदान.

थोरली – नुसतं मोकळं मैदान. एक झाडसुद्धा नाही. बाबा, आता परत जाऊ नका. बसा इथे. मी पाया पडते तुमच्या.

बाबा – तू पाया पडतेस म्हणजे खरंच काहीतरी आहे.

धाकटी – रेडिओवरही तेच सांगतायत, बाबा. घरात थांबा, शांत झालं म्हणून फसू नका.

बाबा – अरे देवा. घड्याळवाला.

थोरली – काय?

बाबा – घड्याळवाला गॅरेजच्या मागच्या खोलीत आहे! मैदानाच्या बाजूला, पत्र्याखाली. कानातलं यंत्र काढून झोपलाय. त्याला वादळ आलं तेही कळलं नसेल आणि थांबलं तेही.

धाकटी – काका अजून तिथेच? सकाळी शाळेत नेणार होतात ना त्यांना, पत्र्याखाली राहणाऱ्या सगळ्यांना नेलं तिथे?

बाबा – मीच थांबवलं. म्हटलं, कशाला उगाच शाळेच्या बाकांवर पाठ मोडून घेतोस.

थोरली – किती वेळ आहे ते सांगता येत नाही, बाबा. कधी बराच असतो, कधी चहा उकळेपर्यंतसुद्धा नसतो.

बाबा – मग बोलण्यात कशाला घालवतेस? मी त्याला घेऊन येतो.

थोरली – थांबा. असं करू. तुम्ही त्यांना उठवून आणा. सामान नाही, पिशवी नाही, चपला सापडल्या नाहीत तर अनवाणी. धाकटी दारात उभी राहील आणि मैदानावरच्या आभाळाकडे बघत राहील. तिने हाक मारली की जिथे असाल तिथून...

बाबा – आलोच.

धाकटी – गेलेसुद्धा. ताई, मी नेमकं काय बघायचं?

थोरली – ढगांची भिंत. मैदानाच्या टोकाला. आत्ता दिसतेय का?

धाकटी – दिसतेय. लांब आहे. गोल आहे गं, आपल्या चारी बाजूंनी. आपण एखाद्या विहिरीच्या तळाशी उभ्या आहोत असं वाटतंय.

थोरली – तिच्याकडेच बघत राहा. मी पिण्याचं पाणी आणि गाद्या आत घेते.

धाकटी – बाबा! उठले का काका?

बाबा – उठला! यंत्र शोधतोय!

धाकटी – राहू दे ते यंत्र! ओढा त्यांना!

थोरली – कानांना दडे बसल्यासारखं वाटतंय का तुला?

धाकटी – हो. का?

थोरली – काही नाही. बघत राहा.

धाकटी – ताई, पक्षी.

थोरली – उडाले?

धाकटी – नाही. सगळे एकदम फिरलेत. सगळ्यांच्या चोची मैदानाकडे.

थोरली – बाबांना हाक मार.

धाकटी – बाबा! या! आत्ताच्या आत्ता या! ताई, भिंत मैदानाच्या अलीकडे आलीय, मघाशी लांब होती, शपथ, लांब होती...

थोरली – काका दिसतायत का?

धाकटी – आले, दोघं गॅरेजच्या दारात आले. काका, इकडे! कडेने! मी हात धरते त्यांचा.

थोरली – उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकायचा नाही! तिथूनच हात पुढे कर. हां. आले. काका, आत, सरळ आत. बाबा कुठे?

धाकटी – शटर ओढतायत.

थोरली – काय?

धाकटी – गॅरेजचं शटर लावतायत! बाबा, सोडा ते शटर!

बाबा – उघडं कसं टाकू? आलोच! एक मिनिट!

थोरली – आला. वारा आला. ऐक.

धाकटी – पत्रा! ताई, अख्खा पत्रा गल्लीतून गेला! बाबा, पळा! पळा, या!

थोरली – नाही! बाबा, येऊ नका! मागे फिरा!

धाकटी – वेड लागलंय का तुला? दहा पावलं आहेत!

थोरली – दुसरा बघ! तिसरा! दहा पावलांत मान कापली जाईल त्यांची. बाबा, खड्ड्यात! टेम्पोखालच्या खड्ड्यात उतरा! ऐकू येतंय का? गाडी दुरुस्त करायच्या खड्ड्यात!

बाबा – पाणी भरलंय त्यात!

थोरली – किती?

बाबा – कमरेइतकं!

थोरली – तरी उतरा! डोकं काठाच्या खाली ठेवा! मी सांगेपर्यंत वर यायचं नाही!

धाकटी – दिसत नाहीत. ताई, मला ते दिसत नाहीत आता.

थोरली – दार लाव.

धाकटी – नाही लावणार.

थोरली – सरक. मी लावते.

धाकटी – बाहेर आपला बाप आहे!

थोरली – आणि आत तू आहेस, आणि हा म्हातारा माणूस आहे. दार उघडं राहिलं तर वारा आत शिरून सगळ्या काचा आपल्यावर फोडेल. सरक!

घड्याळवाले काका – हा कुठे राहिला? माझ्या मागे होता.

थोरली – काका, खाली बसा. भिंतीला टेकून. ही गादी डोक्यावर धरा. धाकटे, तू इकडे ये.

धाकटी – मला हात लावू नकोस.

थोरली – बरं. पण गादीखाली ये.

घड्याळवाले काका – त्याला कुणी हाक मारली का? हाक मारा त्याला. तो माझ्या मागेच होता.

धाकटी – काका, ते खड्ड्यात आहेत! ख-ड्ड्या-त!

घड्याळवाले काका – त्याला पोहता येत नाही गं.

धाकटी – ताई, कमरेइतकं म्हणाले ना? कमरेइतकंच ना?

थोरली – तेवढंच म्हणाले.

धाकटी – आणि वरून अजून पाऊस पडला तर? वरचा टेम्पो सरकला तर?

थोरली – मला माहीत नाही.

धाकटी – तुला सगळं माहीत असतं.

थोरली – हे नाही माहीत. रस्त्यात काय झालं असतं ते माहीत होतं, म्हणून ओरडले. बाकी काही माहीत नाही.

धाकटी – आपल्या दारात जरा जागा ठेवू या. मोकळी. आले तर...

थोरली – 'आले तर' नाही, 'आले की' म्हण.

(बऱ्याच वेळाने. वारा उतरला आहे.)

थोरली – रेडिओवर काय म्हणतायत?

धाकटी – वादळ पुढे सरकलं. दोनदा सांगितलं त्यांनी. आता तरी जाऊ ना? हो म्हण.

थोरली – चल. तारेपासून लांब. पत्र्यांना हात लावू नकोस. काका, तुम्ही इथेच थांबा.

धाकटी – ताई... गॅरेज कुठे आहे?

थोरली – हेच. चाल.

धाकटी – अगं, पण भिंतच नाही. मागची खोलीपण नाही, सपाट मैदान दिसतंय. तो टेम्पो बघ, आडवा पडलाय. खड्डा कुठे?

थोरली – त्या पत्र्यांच्या ढिगाखाली असेल.

धाकटी – हाक मार ना. ताई? तू मार. मला भीती वाटते. ताई, अशी काय करतेस? बरं, मीच मारते. बाबा! बाबा, आम्ही आलोय! बाबा!

बाबा – ओरडू नका. पाणी गळ्यापर्यंत आलंय, कानांपर्यंत नाही.

धाकटी – बाबा! लागलंय का? हात हलतायत? पाय?

बाबा – सगळं हलतंय. थंडीने दातसुद्धा हलतायत. घड्याळवाला पोचला ना?

धाकटी – पोचले. आत बसलेत. तुम्हीच हरवलात म्हणून आम्हाला रागावतायत.

बाबा – आणि थोरली? तिचा आवाज का येत नाही?

धाकटी – इथेच आहे ती. रस्त्यातच खाली बसलीय. बसू द्या तिला जरा.