लाकडी बैलाची दोरी

माझं गाव हिंगणी, सेलू तालुक्यातलं, बोर धरणाच्या अलीकडचं. घर साधंच, पुढं ओटा, मागं सांदवाडी म्हणजे परसू, बाबांची शेती, कापूस आणि तूर, आता ती नितीनदादाच बघतो. मला इंग्रजी शाळेत घातलं, सेलूला, कारण त्या वर्षी शाळेची बस गावापर्यंत यायला लागली, दुसरं काही कारण नव्हतं. म्हणजे बस आली नसती तर मी वेगळीच कोणी झाले असते, असं मला कधीकधी वाटतं. शाळेत मराठी बोललं की रागवायचे, घरी इंग्रजी बोललं की हसायचे, मग मी बोलणंच कमी केलं. लोक म्हणतात, लाजाळू आहे. असेन. पण मी बघत बसायचे, बसच्या खिडकीतून, ओट्यावरून, कोण कसं चालतं, कोण बोलताना हात कुठं ठेवतं. त्याचा पुढं उपयोग होईल असं तेव्हा कुणाला माहीत होतं. आणि ताई, तुम्ही लिहून घेताय म्हणून मी अशी पुस्तकी बोलतेय, घरी मी अशी बोलत नाही, घरी मले-तुलेच असतं.

तुम्ही पुण्याकडच्या, तुमच्याकडं पोळा एकाच दिवशी संपतो. आमच्याकडं दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरांचा. खऱ्या बैलांचा आदल्या दिवशी झाला, आता लाकडी बैलांचा. चाकांवरचे बैल, रंगवलेले, गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड, पुढं दोरी. सगळे बैल तोरणाखाली रांगेत उभे करायचे आणि मग घरोघरी न्यायचे. घरची बाई बाहेर येते, बैलाला कुंकू लावते, ओवाळते आणि लेकराच्या हातावर काहीतरी ठेवते, पैसे म्हणा, खाऊ म्हणा, त्याला बोजारा म्हणतात. आता पुष्कळ मुली बैल नेतात. आमच्या घरी एकच बैल होता आणि त्याला नितीनचा बैल म्हणायचे. मी दादाच्या बाजूनं चालायचे, बोजाऱ्याची पिशवी धरून. पोरीनं ओढू नये असं कुणी म्हटलं नाही हं, ते सांगते. कुणी नाही म्हटलं नाही आणि कुणी घे म्हटलं नाही. एका वर्षी दादाला ताप आला, कांजिण्या निघाल्या, तो घरात पडून. मला वाटलं, आज दोरी माझ्याकडं येईल. पण सेलूहून काकांचा मुलगा आलेला होता, त्याच्या हातात दिली. मी पिशवी घेऊन त्याच्या बाजूनं चालले. मीही मागितली नाही. हे पण लिहा, मीही मागितली नाही.

बारावीनंतर मी ॲनिमेशन घेतलं. काय सांगू तुम्हाला, घरी हे समजावता समजावता मीच दमले. बाबा म्हणाले, कार्टून का? मी म्हटलं, हो, तसंच. ते म्हणाले, ते तर लेकरं पाह्यतात, करतं कोण? मी म्हटलं, माणसंच करतात बाबा. आई नातेवाइकांत सांगायची, कॉम्प्युटरचा कोर्स करून राह्यली. खोटं नव्हतं. वर्ध्याला संस्था आणि तिथंच सिंदी मेघेत एका मैत्रिणीसोबत खोली. बाबांनी परवानगी दिली पण सरळ सांगून ठेवलं, शेवटी जे काय बनवशील ते पास झालं तर नागपूरला नोकरी पाह्यजो, नाई झालं तर बी.एड. करजो, वर्ष पुन्हा काढायचं नाई. बाबा रागात बोलले नव्हते. बाबा रागात बोलतच नाहीत, म्हणून त्यांचं बोलणं फिरत नाही.

थ्रीडी म्हणजे काय ते तुम्हाला सोप्यात सांगते. आधी कॉम्प्युटरमध्ये आकृती करायची, मातीची केल्यासारखी, सगळीकडून गोल फिरवून बघता येते. मग तिच्या आत हाडं घालायची. मग ती हाडं थोडी थोडी हलवायची, एकेका चित्रात जराशी, आणि मग सगळी चित्रं रंग-उजेडासकट कॉम्प्युटरकडून काढून घ्यायची, त्याला रेंडर म्हणतात. सांगायला एवढंच. करायला बसलं की एक बादली उचलायला आठवडा जातो, आणि बादली उचलली तरी ती रिकामी वाटते, कारण तुम्ही खांद्याला वजन दिलेलं नसतं. सर पहिल्यापासून एकच म्हणायचे, वजन कुठं आहे? आम्ही सगळे आपसात त्यांना वजनकाटा म्हणायचो. सर नागपूरचे, निम्मं हिंदीत बोलायचे, पण कुणाचं काम उगीच चांगलं म्हणायचे नाहीत.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं आपली एक छोटी फिल्म करायची होती. वर्गात कुणी रोबोट केला, कुणी अंतराळवीर. मी तान्हा पोळा घेतला. चिमी नावाची मुलगी, तिच्या भावाला ताप येतो आणि त्या दिवशी बैलाची दोरी पहिल्यांदा तिच्या हातात येते, ती गल्लीतून बैल नेते आणि परत आणते, बस. संवाद नाहीत, मला ते जमलेच नसते. सरांनी विचारलं, हे तुझ्या घरचं आहे का? मी म्हटलं, असं होतं आमच्याकडं. खरं काय झालं होतं ते मी सांगितलं नाही. फिल्ममध्ये मी ते बदललं होतं ना, म्हणून सांगायची गरज वाटली नाही.

बैल छान झाला. गाव, ओटा, तोरण, सगळं जमलं. पण चिमीला चालवायचं होतं. आमच्यात पद्धत अशी की आधी ती हालचाल खऱ्या माणसाकडून करून घ्यायची, मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, त्याला रेफरन्स म्हणतात, आणि मग तो बघून आकृती हलवायची. वर्गातली मुलं स्वतःच उड्या मारायची, पडायची, एकमेकांचे व्हिडिओ काढून हसायची. मला ते जमत नाही. कॅमेरा समोर आला की माझे हात कुठं जातात मलाच कळत नाही. मी सुट्टीत घरी गेले आणि दादाला म्हटलं, तू ओढ. दादाचं लग्न ठरलेलं, तो म्हणे, वेडी झाली काय वं, सासरच्यानं पाह्यलं तर म्हणतीन पोरगा अजून बैलंच खेळून राह्यला. पण केलं त्यानं. माळ्यावरून बैल काढला, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, एक कान तुटलेला, आणि सांदवाडीत ओढून दाखवला. मी व्हिडिओ काढला आणि परत येऊन महिनाभर त्यावर काम केलं. दादाचा हात, दादाची पावलं, दादाचा खांदा, सगळं चिमीच्या हाडांत बसवलं. वजन आलं. मला वाटलं, झालं.

सरांनी बघितलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, काय गं, ही मुलगी रोज बैल ओढते का? मी म्हटलं, नाही सर, पहिल्यांदाच. ते म्हणाले, फिर ये ऐसे क्यों चल रही है? पहिल्यांदा दोरी हातात आली आणि एकदाही मागं बघत नाही? ते म्हणाले, चाल चांगली आहे, पण हिची नाही, बदल, असं असेल तर मी पास नाही करणार. आणि उठून गेले. मी त्या खुर्चीवर बसून राहिले आणि स्क्रीनवर चिमी पुन्हा पुन्हा गल्लीतून जात राहिली, ताठ मानेनं, माझ्या दादासारखी. बघणारी मी, आयुष्यभर बघत आलेली, आणि मला हे दिसलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी घरी गेले. फाल्गुन लागला होता, गल्ली कोरडी, ऊन चढायला लागलेलं. दादा लग्नाच्या पत्रिका वाटायला गेला होता, आई शेतात. म्हणजे बाबाच उरले. मी त्यांच्या हातात मोबाइल दिला, कुठं दाबायचं ते सांगितलं आणि म्हटलं, मी बैल नेते, तुम्ही काढा. सांदवाडीत नको, गल्लीतच पाहिजे, कारण गल्लीत गोटे आहेत. बाबांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, लोकं पाह्यतीन. मी म्हटलं, मालूम आहे. मग त्यांनी चष्मा लावला.

ताई, मी दोरी हातात घेतली आणि चालले. काय होतं सांगू, दोरी लांब असते, बैल मागं असतो, तो दिसत नाही, नुसती घुंगरं ऐकू येतात आणि हाताला ओढ कळते. दर दोन-चार पावलांनी मला वाटायचं पडला. मी मागं बघायचे. उभा असायचा. पुन्हा चालायचे, पुन्हा वाटायचं पडला. एकदा खरंच पडला, डाव्या चाकाला गोटा लागला, मी धावत जाऊन उभा केला, त्याच्या पाठीवरची धूळ ओढणीनं पुसली. बाबा मोबाइल धरून बाजूनं येत होते आणि सारखे म्हणत होते, हळू, हळू, झटका नको देऊ वं. पानठेल्यावरची दोघं उठून बघायला लागली. एक म्हणाला, काका, पोट्टीले नोकरी नाई लागली काय? बाबा म्हणाले, हे नोकरीचंच आहे. त्यांनी मोबाइल खाली केला नाही.

सुलोचनाकाकूचं घर गल्लीच्या टोकाला. त्या दारात तूर पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं, म्हणाल्या, काऊन वं, आज तान्हा पोळा आहे काय? मी उभीच राहिले, बैल मागं, दोरी हातात. काकू आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. तर त्या कुंकवाची डबी घेऊन आल्या, वाकून बैलाला कुंकू लावलं, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून बिस्किटाचा पुडा ठेवला माझ्या हातावर आणि म्हणाल्या, आता हेच घे, पोळ्याच्या दिवशी येजो, खरा बोजारा देतो. आणि मी वळून निघाले तर मागून म्हणाल्या, मागं काय पाह्यतं सारखी, येऊन राह्यला तो.

घरी आल्यावर बाबा ओट्यावर बसले. मी पुडा फोडला, दोघांनी खाल्ला. व्हिडिओमध्ये बाबांचं बोट अर्धा वेळ कॅमेऱ्यावर होतं, पण काम होण्यापुरतं होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, ते नितीनले ताप आलता, तवाचंच बनवून राह्यली ना तू? मी हो म्हटलं. मला वाटत होतं त्यांना ते आठवतही नसेल. ते म्हणाले, तू काऊन नाई मागितली तवा? मी म्हटलं, मागितली असती तर दिली असती का तुम्ही? बाबांनी बिस्किटाचा चुरा झटकला. मग म्हणाले, मालूम नाई. दिली बी असती. खोटं बोलले नाहीत, एवढं मला पुरलं.

चिमी मी पहिल्यापासून पुन्हा चालवली. दादाचं सगळं काढून टाकलं, वाईट वाटलं, महिन्याचं काम होतं. आता ती मागं बघते, पडेल पडेल अशा भीतीनं चालते, एकदा बैल पडतो, ती पुसते. सर म्हणाले, जास्त वेळा बघते, थोडं कमी कर. मी केलं. रेंडर हिंगणीला लावला कारण खोलीवर व्होल्टेज पुरायचं नाही. वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत नाही, माणूस शिजतो, लॅपटॉपचं काय. आई म्हणाली, त्याले बी कूलरपुढं ठेव. ठेवला. लाइट जाऊ नये म्हणून ती देवाला आणि महावितरणला दोघांनाही बोलत होती, आणि रेंडर संपेपर्यंत तिनं मिक्सर लावला नाही, चटण्या पाट्यावर वाटल्या. सर फिल्म संपल्यावर एवढंच म्हणाले, अब ठीक है. मी पास झाले.

आता नागपूरला एका स्टुडिओत आहे. फार मोठं काही नाही, दुसऱ्यांच्या फिल्ममधल्या बादल्या, खाटा, झाडं करते. कधी मला माणसं चालवायला देतील, कधी नाही देणार, माहीत नाही. देतील तोवर बादल्या करीन, बादलीतही वजन लागतंच. फिल्म घरी टीव्हीवर लावली तेव्हा बाबांनी दोनदा बघितली, सुलोचनाकाकू आल्या होत्या, म्हणाल्या, अन् मी कुठी आहे ह्याच्यात? मी म्हटलं, काकू, तुम्हाला करायला आणखी एक वर्ष लागलं असतं.

बैल पुन्हा माळ्यावर गेला नाही. टीव्हीच्या बाजूला असतो. परवा वहिनीच्या माहेरचे आले होते, त्यांच्यातल्या एकानं विचारलं, हा जावईबापूंचा का? बाबा म्हणाले, नाई, पोरीचा आहे. दादा तिथंच होता, चाकाला तेल घालत होता. तो तेल घालत राहिला.

यंदा तान्ह्या पोळ्याला सुट्टी मिळते का बघते. काकूंनी दोनदा आठवण करून दिली, बोजारा बाकी आहे म्हणतात. एवढी मोठी होऊन गल्लीतून बैल नेईन की नाही ते आत्ता नाही सांगता येत. पण काकूंकडं जाईन.