दोन भाकरींचा मासा

न्हाई वो पावणं, तसला मासा-बिसा काय न्हाई हितं. पप्पूनं धाडलं ना तुमाला? शिनोलीच्या फाट्यावर भज्याची गाडी लावतो त्यो पप्पू? वळखलं मी. मोबाईलात दाखवला आसंल — काळी पाठ, मागं पाण्याला रेघ — ती पाठ न्हवं, लाकूड हाय ते. बुडालेल्या झाडाचं खोड. पाणी उतरलं की वर येतं. धरणात काय कमी झाडं गेली? बसा, बसा की. बोट सोडतो म्हणलं न्हाई मी, बसा म्हणलं. ती गळाची काठी तेवढी आडवी ठेवा, कुणाच्या डोळ्यात जाईल. लई भारी दिसती. आमच्या बोटीपरीस लांब.

ते? ते पुस्तक हाय. अहं, ओल्या हातानं धरू नका — माझी सून, उज्ज्वला, पिशवीत गुंडाळून ठेवती त्याला. माझं कुठलं, मी साळंच्या दारात सुदीक उभा ऱ्हायलो न्हाई कवा. पुण्याची पोरं आली व्हती बोटीत फिराया, त्यातली एक इसरून गेली. आता दुपारची भांडी झाली की उज्ज्वला या दगडावर बसती आन वाचती, मोठ्यानं. मी आपला बोटीला डांबर लावत ऐकतो. ऐकतो म्हंजे — कान हायेत, काय करणार.

काय हाय त्यात? काय नसावं ते हाय! एक बाई हाय. डाक्टर — माणसांची न्हवं, समुद्रातल्या माशांची. औषिद देत न्हाई, नुसती बगती. मासा काय खातो, कुठं निजतो, कुणासंगं नांदतो. आन त्याचा पगार घेती! तर तिचा नवरा समुद्रात बुडला. मंग माणसानं काय करावं? रडावं, दिवस करावं, चार माणसं जेवू घालावी, कामाला लागावं. तर न्हाई. बाई जाऊन बसती किनाऱ्याला. आन मंग येतं एक जनावर. त्याला नाव न्हाई, जात न्हाई, आंगाला म्हणं उजेड हाय कंदिलासारखा — पाण्यात कंदील! — आन ते फकस्त हिलाच दिसतं. दुसऱ्यानं बगितलं की नुसतं पाणी. आन ही त्याच्याशी बोलती वो! नवऱ्याशी जे बोलायचं ऱ्हायलं ते समदं त्या जनावराशी — त्या दिवशी कालवण खारट झालं व्हतं, तू न बोलता उठलास — असलं! एवढी बुकं शिकून! मी म्हणलं, पोरी, ही बाई आपल्याकडची असती तर घरच्यांनी कवाच देवऋष्याकडं नेली असती. उज्ज्वलानं नुसतं पान उलटलं.

आन लिवणाऱ्यानं तरी किती पाणी घालावं! आख्खी दुपार गेली एक, बाई नुसती लाटा बगती. सरक की बये पुढं! समुद्र मी बगितला न्हाई, खोटं कशाला बोलू, पर पाणी ते पाणी. ते बगून कुणाचं पोट भरलं न्हाई. पुढं तर कळसच — मोठं जहाज येतं, तिच्याच हापिसातली माणसं, जाळी घिऊन, ते जनावर धराया. काचंच्या टाकीत ठिवणार म्हणं. त्यांचा सायेब इचारतो, बाई, कुठं दिसलं? आन ही, समदं ठावं आसून, तोंड वर करून सांगती — काय न्हाई हितं, लाकूड व्हतं ते. एवढी शिकलेली बाई, आन सरळ थाप मारती! लाकूड म्हणं...

हसताय का?

आसं व्हय. आसू दे. लाकूड कुठं बी आसतं पावणं, समुद्रात बी आसतं, डिंभ्याच्या धरणात बी आसतं. हसू नका.

बोटीवर नाव? सोपान. माझा ल्योक. उज्ज्वलाचा मालक. जाळं काढाया गेला, डोंगरावरनं वारं उतरलं, बोट सापडली पालथी आन त्यो न्हाई. लई शोधला. पर खाली आमचं जुनं गाव हाय ना, भिंती हायेत, झाडं हायेत — आडकला आसंल घरातच कुठंतरी. घरातच म्हणायचं. दहावा हितंच केला, या दगडावर. पाण्याच्या कडंला पत्रावळ, पत्रावळीवर पिंड. तर कावळा शिवंना. त्या आंब्यावर बसल्याती समदी, बगत्यात, आन एक खाली येईल तर शपथ. ऊन ह्ये आसं. मंग लागली माणसं बोलाया, जसं बोलत्यात — चुलता म्हणला, सोपान, बांधाचं भांडण मिटवतो. मेव्हणा म्हणला, बहिणीला अंतर देणार न्हाई. कावळं ढिम्म! भटजीनं दर्भाचा कावळा वळाया घेतला. बापानं काय म्हणावं आता? मी म्हणलं, बाबा, तुझ्या पाण्यात पुना माझं जाळं पडणार न्हाई, आन दुसऱ्या कुणाचा गळ मी पडू देणार न्हाई. आसं म्हणलं, आन पाण्यातनं तोंड आलं वर. ह्ये एवढं — परातीएवढं. कटला न्हवं, मरळ न्हवं, जल्म या पाण्यावर गेला पर तसलं तोंड मी बगितलं न्हाई. पत्रावळीवरचं पिंड घेतलं आन गेलं खाली. हळू. घाई न्हाई कसली.

भटजी म्हणला, धरता येत न्हाई, कावळाच लागतो. गावात आजून वाद हाय त्याच्यावर. मी म्हणतो, धरणात गेलेल्या माणसाला कावळ्याशी काय करायचंय?

आता त्या बाईसारखं येडं मला समजू नका. मी काय बोलत-बिलत न्हाई त्याच्याशी. सकाळच्या पारी ताटातली नाचणीची भाकर आर्धी मागं ठेवतो, हितं आणून टाकतो, एवढंच. उज्ज्वलाला पत्ता न्हाई. म्हणलं पोर आधीच खचलीय, त्यात म्हाताऱ्याचं आसलं कशाला. तर येक दिस दगडावर चुरा दिसला. पांढरा. तांदळाच्या भाकरीचा. सोपानला लागायची तांदळाची — दुसरी कसली शिवायचा न्हाई. आन मला ठावंच न्हाई, घरात तांदळाची भाकर होती ते. मला कवा वाढली न्हाई! तवापासनं ती काय बोलली न्हाई, मी काय बोललो न्हाई. सकाळी माझी, दुपारी तिची. दोन घरची खाऊन माजलाय नुसता. मंग पप्पूच्या मोबाईलात कसा मावणार?

आन ते वाचणं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला करमावं म्हणून मोठ्यानं वाचती. बरी हाय पोर, म्हणायचो. कालच ध्यानात आलं — डांबराचा डबा घ्याया मी उठून गेलो, लांब गेलो, तरी तिचा आवाज तेवढाच. तोंड पाण्याकडं.

न्हाई. त्या जागंला नेणार न्हाई. दुसऱ्या बी कुणाला सांगू नका, कुणी नेणार न्हाई तुमाला. काठी उचला. पुस्तक ऱ्हाऊ द्या तिथंच, शेवटची थोडीच पानं ऱ्हायल्यात. त्या जनावराचं काय झालं म्हणताय? मला काय करायचंय, असल्या पुस्तकाचा काय शेवट आन काय मधलं — पर आज व्हईल वाचून.

ती बगा, उतरतीय ती. पदराखाली काय हाय तिकडं बगू नका. रामराम घाला आन वरच्या वाटंनं जावा. पप्पूनं इचारलं, तर लाकूड व्हतं म्हणा. उठा आता. उठा म्हणलं ना — दगड मोकळा करा.